ऐंशी राम

पाण्यात उतरण्याआधी बस्त्यावकाका काठावर जमलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवायचे आणि विचारायचे, "तुमच्यात सगल्यात भित्रा कोन?"

लोक हसायचे. कुणीतरी कुणाला तरी पुढे ढकलायचं. काका मात्र हसत नसत. जो भित्रा ठरेल त्याला ते जवळ बोलवायचे, त्याचे तळवे उलटसुलट करून बघायचे आणि आपल्या छातीला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक त्याच्या हातात द्यायचे. मगच पाण्यात पाय घालायचे. वसईच्या पट्ट्यात विहिरीत, तळ्यात, खाडीत काही पडलं किंवा कुणी पडलं, की त्यांना बोलावणं जाई. बुडी मारणं हेच त्यांचं काम. आणि त्या दोराचं दुसरं टोक जवळजवळ नऊ वर्षं माझ्या हातात होतं. यावरून माझी ख्याती काय होती ते वाचकांनीच ओळखावं.

मी वसईजवळच्या गास गावचा. आमची केळीची आणि पानवेलीची वाडी होती आणि घराच्या मागे बावखल. वाडीच्या शिंपण्यासाठी खणलेल्या तळ्याला आमच्याकडे बावखल म्हणतात. गावातली सगळी पोरं त्यात डुंबून मोठी झाली. मी काठावर कपडे सांभाळत मोठा झालो. मला पाण्याची भीती होती, सापाची होती, विजेची होती, आणि खरं सांगायचं तर शेजारच्या एका तांबड्या कोंबड्याचीही होती. बाविसाव्या वर्षी मास्तरकीची परीक्षा पास झालो तरी तो कोंबडा आडवा आला की मी कुंपणाकडून वळसा घालून जात असे.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्या रहाटाचा लोखंडी कणा तुटून बावखलात गेला. केळी सुकायला लागल्या. वडिलांनी किल्ल्याकडच्या कोळीवाड्यात निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस्त्यावकाका आले. पन्नाशीचा, ठेंगणा, रुंद छातीचा माणूस. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस. त्यांनी बावखलाला एक फेरी मारली, पाण्याचा वास घेतला आणि तो प्रश्न विचारला. वडिलांनी क्षणाचाही विचार न करता माझ्याकडे बोट केलं. "हा घ्या आमचा धाकला. भिण्यात ह्याला तोड नाय." काठावरची सगळी वाडी पोट धरधरून हसली. मला वाटलं, त्यापेक्षा धरणीनं पोटात घेतलं तर बरं.

काकांनी माझे तळवे पाहिले. ते घामानं ओले होते. "बरा हाय," ते म्हणाले, आणि दोर माझ्या हातात देऊन समजावू लागले. "एक हिसका म्हनजे ठीक हाय. दोन म्हनजे सैल सोड. तीन म्हनजे ओढ."

"आणि काहीच आलं नाही तर?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "देव कोनता तुजा?"

"राम."

"मंग राम मोज. घाई नको, एकसारखा. ऐंशी राम झाले आनि मी वर नाय, तर ओढ. कोनाला इचारू नको. देवाला पन इचारू नको."

त्यांनी कानात खोबरेलाचे थेंब घातले, क्रुसाची खूण केली आणि ते दिसेनासे झाले. हिरवं पाणी वरून मिटलं. मी मोजायला लागलो. माणूस पाण्याखाली असताना साठापर्यंत मोजणं किती लांब असतं हे काठावर हसत बसलेल्यांना कळत नाही. पन्नासाच्या पुढे मला फक्त दोर दिसत होता. चौसष्टाव्या रामाला काकांचं डोकं वर आलं. कण्याला दुसरा दोर बांधून झाला होता. वडील त्यांना नारळ द्यायला पुढे झाले तर त्यांना बाजूला सारून ते माझ्याकडे आले आणि माझ्या मुठी उघडू लागले. दोर इतका आवळला होता, की तळव्यांची साल निघाली होती.

"बघा," ते सगळ्यांना म्हणाले. "शूर मानूस एका हातानं दोर धरतो नि दुसऱ्या हातानं बिडी पेटवतो. हा दोनी हातांनी दोरच धरतो."

माझ्या भित्रेपणाला कुणी चांगलं म्हटलेलं ते पहिल्यांदाच. त्या दिवशी ते केळीचा एक लोंगर खांद्यावर टाकून गेले आणि मी वेड्यासारखा त्यांच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघत राहिलो.

पुढच्याच वर्षी माझी बदली किल्ल्याजवळच्या शाळेत झाली आणि मी कोळीवाड्याच्या कडेला एक खोली घेतली. काकांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. पहिल्याच रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून ते दारात उभे. "मास्तर, दोर धरायला चल. नायगावाकडं एका होडीचा नांगर अडकलाय." नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं म्हणजे मला नाही म्हणायचंही नव्हतं. मी भीत भीत गेलो. त्यानंतर प्रत्येक वेळी भीत भीतच गेलो. सवयीनं भीती मरते असं म्हणतात त्यांनी माझ्यासारखा दोर धरून बघावा.

भित्र्याच्याच हातात दोर देण्याची ही रीत कुठून आली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी ते मुंबईच्या गोदीत एका कंत्राटदाराकडे पाणबुड्याचं काम करत. डोक्यावर पितळी टोप, अंगात रबरी पोशाख, आणि वर होडीत हातानं फिरवायचा हवेचा पंप. अंतोन म्हणून त्यांचा जोडीदार होता. तो खाली होता आणि काका होडीच्या दुसऱ्या टोकाला दोर गुंडाळत होते. "पंपावरचा मानूस लय धीट," काका म्हणाले. "कशालाच भ्यायचा नाय. कायतरी मस्करी सांगत व्हता. सांगता सांगता चाक फिरवायचा हात थांबला. हसत व्हता ना." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. "मी माजा टोप तितंच टाकला नि घरा आलो. परत नाय गेलो." त्यानंतर त्यांनी यंत्राला हात लावला नाही. एक दोर, एक श्वास आणि काठावर एक भित्रा माणूस, एवढ्यावर त्यांनी उरलेला धंदा केला.

ते स्वतः किती भीत असत हे मला कळलं गोखिवऱ्याच्या विहिरीवर. एक सासुरवाशीण आदल्या संध्याकाळपासून घरी नव्हती आणि विहिरीच्या काठावर तिची कळशी सापडली होती. आम्ही पोचलो तेव्हा माणसं विहिरीभोवती गप्प उभी होती. काका "आलोच" म्हणून आंब्याच्या झाडामागे गेले. बराच वेळ झाला म्हणून मी मागे गेलो. काका झाडाला एक हात टेकून ओकत होते. त्यांचे गुडघे लटलट कापत होते.

"काका, बरं नाही का तुम्हाला?"

"बरा हाय. भितोय." त्यांनी तोंड पुसलं. "चालीस वर्सं असाच भितोय. भीतीनं मी उतरायच्या आदी दोर बघतो, गाठ बघतो, पानी बघतो, तुजं तोंड बघतो. ज्या दिवशी भ्यायचा इसरेन ना मास्तर, त्या दिवशी कातरीनला सांग, काले कपडे शिव."

कातरीनकाकी म्हणजे त्यांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं.

त्या दिवशी पहिल्या बुडीला काही सापडलं नाही. दुसऱ्या बुडीला एक्केचाळिसाव्या रामाला दोराला एक हिसका आला आणि मग दोर जड झाला. ते ओझं मला अजून हातात आठवतं. काका वर आले ते तिला एका हातानं धरून, आणि झोपलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात ते तिच्याशी बोलत होते. "चल बाय, घरा जाऊं. उशीर झाला." मग वर बघून ते एकदम ओरडले, "बाप्ये लोकांनी तोंडं फिरवा! कोनीतरी लुगडं आना!" सगळ्या पुरुषांनी तोंडं फिरवली. मीसुद्धा फिरवलं, पण दोर सोडला नाही. पुढचे दोन दिवस मला फळ्यावर सरळ अक्षर काढता आलं नाही. मुलं विचारत होती, मास्तर थंडी वाजते का.

इतकी वर्षं पाण्याखाली जाऊन आलेल्या माणसाला कुणीही विचारेल ते मीही विचारलं होतं. "काका, खाली काय दिसतं?"

"काय दिसनार? काला." आमच्या खाडीचं पाणी गाळाचं. बावखलातलं शेवाळ्याचं. "खाली हात हेच डोले." त्यांनी आपली जाड, चरे पडलेली बोटं माझ्यासमोर धरली. मग जरा वेळानं स्वतःशीच म्हणाले, "एवडी वर्सं त्या घरात जातो, पन दिवा लावून एकदा बघितला नाय."

ही त्यांची एकच हौस होती. दुसरं काही त्यांनी कधी मागितल्याचं मला आठवत नाही. आणि ती हौस पुरवायला एक जण आला तो जुजे, त्यांच्या बहिणीचा मुलगा. तो परदेशी बोटीवर खलाशी होता. एका नाताळाला तो घरी आला तो गोणपाटात गुंडाळलेली एक लोखंडी नळकांडी घेऊन. पाठीवर बांधायचे पट्टे, रबरी नळ्या, दातांत धरायचा तुकडा आणि डोळ्यांवर लावायची काच. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका बंदरात त्यानं ती कुणा गोऱ्याकडून जुनी घेतली होती आणि येताना मुंबईला ओळखीनं तिच्यात हवा भरून आणली होती.

"मामा, काय सांगू," जुजे अंगणात बसून सांगत होता. "तिकडं डोंगराच्या कुशीत लहान लहान आडबंदरं हायत. वारा नाय, लाट नाय. पानी असा का वीस हात खाली मासा फिरताना दिसतो. गोरे लोक ही टाकी पाटीवर घेऊन खाली जातात नि नुसते बघत बसतात. काम नाय, धंदा नाय. बघायला जातात!"

काकांनी हात पुसून टाकी हातात घेतली. काच डोळ्यांना लावली, काढली, परत लावली. काकी दारातून म्हणाल्या, "ह्या वयात खेल सुचतात." काकांनी ऐकलं नाही. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला काही बरं वाटत नव्हतं. ज्या माणसानं अंतोनसाठी पंपाला रामराम ठोकला तो आता लहान मुलासारखा नळ्या फुंकून बघत होता.

आमच्याकडेही एक आडबंदर होतं. किल्ल्याच्या तटाआड खाडीचा एक खोलगट कोपरा होता, तिथे वारा लागत नसे आणि पावसाळ्यात होड्या आसऱ्याला येत. भांगाचे दिवस होते. भांगात भरती-ओहोटीला जोर नसतो, गाळ तळाशी बसतो. त्यातून थंडीचे दिवस. एक-दोन हात तरी दिसेल असं काकांचं म्हणणं होतं. सकाळचं ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला, ओहोटी संपून पाणी थांबलं, तेव्हा आम्ही तिघं होडीतून त्या कोपऱ्यात गेलो. पाणी पाच वाव होतं, म्हणजे तीस फूट.

"दोन गोष्टी, मामा," जुजे पट्टे आवळता आवळता म्हणाला. "श्वास कदी धरायचा नाय. घेत राहायचा, सोडत राहायचा. आनि वर येताना हलूहलू. आपल्या बुडबुड्यांच्या पुडं जायचं नाय."

"का?"

"का ते मना नाय म्हायत. ते गोरे तसं बोलत व्हते."

काका हसले. "सगला जन्म श्वास धरून पोट भरला, नि भाचा बोलतो श्वास धरू नको." मग त्यांनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं. "मास्तर, आज राम मोजू नको. मी अर्धा तास खाली ऱ्हानार. तीन हिसके दिले तरच ओढ."

"आणि हिसके देता आले नाहीत तर?"

"बुडबुडे बघ. बुडबुडे येतात तवर मी हाय."

त्या वेळी माझ्या लक्षात आलं, की त्यांचे गुडघे कापत नव्हते. होडीच्या मागच्या बाजूला जाऊन ते ओकलेही नव्हते. दोराची गाठ त्यांनी एकदाच चाचपली. माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. गोखिवऱ्याला झाडामागे ते काय म्हणाले होते ते मला लख्ख आठवलं, शब्द ओठांपर्यंत आले, आणि जुजे काय म्हणेल, काकांचा विरस होईल, म्हणून मी ते गिळले. तेवढ्यात ते उतरले.

बुडबुडे येऊ लागले. भाताला आधण यावं तसे. मी मोजायचं नाही म्हटलं तरी तोंड आपोआप मोजत होतं. ऐंशी झाले तेव्हा माझे हात आपोआप ताठले. जुजेनं खांद्यावर थाप मारली. "मास्तर, आज नाय." शंभर झाले. दोनशे झाले. बुडबुडे येत होते. दोराला अधूनमधून एक हिसका येई, ठीक हाय म्हणून. चारशेच्या पुढे आकडा चुकला. पाणी इतकं शांत होतं, की तटावरच्या वडाची पानं त्यात दिसत होती. मला ते शांत पाणी अजिबात आवडलं नाही.

आणि बुडबुडे थांबले.

जुजे होडीच्या दुसऱ्या बाजूला होता. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. शेवटचा बुडबुडा फुटला त्या जागी पाणी सारखं झालं. सात, आठ. दोराला हिसका नाही. बारापर्यंत मी दम धरला. मग मी ओढायला लागलो. जिवाच्या आकांतानं ओढायला लागलो. जुजे धावत आला आणि ओरडला, "हलू, मास्तर, हलू!"

मी ते ऐकलं. कानांनी नीट ऐकलं. हातांनी ऐकलं नाही.

काका वर आले ते काचेच्या आत तांबूस फेस घेऊन. आम्ही त्यांना होडीत घेतलं तेव्हा ते श्वास घेत होते, पण डावा हात आणि डावा पाय निर्जीव पडले होते आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं आणि किनाऱ्याला लागेपर्यंत सोडलं नाही. कोळीवाड्यात बातमी पसरली, की मास्तरनं दोर ओढला म्हणून बस्त्याव वाचला. काकींनी माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. गावच्या डॉक्टरनी सांगितलं, अर्धांगवायू आहे, वयाला धरून आहे. मीही तेच धरून बसलो.

जुजे आपल्या बोटीवर परत गेला आणि चार महिन्यांनी त्याचं पत्र आलं. काका-काकींना वाचता येत नसे. त्यांची पत्रं मीच वाचायचो. रविवारी दुपारी ओटीवर काका खाटेवर, काकी जाळं विणत बसलेल्या, आणि मी खुशालीचा मजकूर मोठ्यानं वाचत होतो. पुढे लिहिलं होतं: बोटीवरच्या डॉक्टरला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, टाकीतल्या हवेनं छाती भरलेली असताना श्वास धरून माणूस झपकन वर आला, तर आतली हवा फुगते. फुप्फुस फाटतं आणि हवेचा बुडबुडा रक्तातून मेंदूत जातो. श्वास धरला नसता तर चाललं असतं. हळू आला असता तर खाली धरलेला श्वास वाटेत सुटला असता.

मी थांबलो.

"काय बोलला डॉक्टर?" काकींनी विचारलं.

"म्हणाला," मी कागदाकडेच बघत राहिलो, "म्हणाला, वयामुळे झालं."

काकींनी क्रुसाची खूण केली आणि पुन्हा सुई हातात घेतली. काका आपल्या नीट उघडणाऱ्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होते. मी पत्र घडी करून खिशात घातलं. त्या वेळी मला पाण्याची नाही, सापाची नाही, त्या एका डोळ्याची भीती वाटली.

दोन वर्षं मी दर रविवारी त्यांच्याकडे जात राहिलो. त्यांना उठवून बसवायचं, दाढी करायची, खाडीकडे तोंड करून खुर्चीत ठेवायचं. त्यांचं बोलणं हळूहळू कळण्यासारखं झालं. पत्र माझ्या पाकिटात होतं. प्रत्येक रविवारी सांगायचं ठरवून जायचो आणि न सांगता परत यायचो. काकी मला जेवायला वाढायच्या, "तुज्यामुलं हा माज्या डोल्यांसमोर हाय" म्हणायच्या. मी आजवर कशाकशाला भ्यालो त्या सगळ्याची बेरीज केली तरी त्या जेवणांची भीती जास्त भरेल.

तिसऱ्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर काकांनी अन्न सोडलं. एका दुपारी काकी बाजारात मासळी विकायला गेल्या होत्या. मी दाढीचं पाणी घेऊन आलो तर ते म्हणाले, "मास्तर, ते पत्र वाच. सगला."

कुठलं पत्र, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. घडीवर कागद फाटला होता. मी वाचलं, एक अक्षर न गाळता. वाचून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ते मला जा म्हणतील.

"दोर दिसला," ते म्हणाले.

"काय?"

"खाली. पहिल्यांदा दिसला. हिरवा उजेड, नि त्याच्यात माजा दोर वर जात व्हता. सरल. तुज्या हातापावत." ते शब्द जुळवत, थांबत थांबत बोलत होते. "एवडी वर्सं तो दोर मी नुसता चाचपला. तो असा दिसतो हे म्हायत नव्हता. मी बघत ऱ्हायलो. श्वास कवा धरला कललाच नाय. देवलात धरतो तसा धरला. मी भ्यायचा इसरलो, मास्तर. तू नाय इसरलास. तू तुजा काम केला."

मी रडायला लागलो. इतक्यावर गप्प बसलो असतो तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं, आणि तेच मला नको होतं. "काका," मी म्हणालो, "जुजे ओरडला होता. हळू म्हणाला होता. मी ऐकलं होतं."

बाहेर कुणीतरी सुकटाच्या टोपल्या आपटत होतं. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि माझा तळवा उलटा करून बघितला, पहिल्या दिवशी आमच्या वाडीत बघितला होता तसा.

"मंग आता हलू शीक," ते म्हणाले.

त्या आठवड्यातच ते गेले. मरणाच्या दिवशी सकाळी मी शाळेत होतो. शेजारची एक बाई दारात येऊन उभी राहिली तेव्हा मुलं पाढे म्हणत होती.

दफनभूमीत पेटीखालून दोन दोर घातले होते. चार टोकं, चार माणसं. मी मागे, भिंतीशी उभा होतो. आपण त्यांच्या धर्माचे नाही, पुढे कशाला जायचं, असा विचार करत होतो. कातरीनकाकी काळ्या कपड्यांत पुढे आल्या आणि एका टोकाला धरून उभ्या राहिलेल्या आपल्या पुतण्याला म्हणाल्या, "तू सर. ते टोक मास्तरच्या हातात दे." कुणीतरी कुजबुजलं. फादरनी मान डोलावली. मी पुढे झालो. काकी माझ्याकडे वळल्या आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "त्यानं सगला सांगितलाय मना. जाताना बोलला, मास्तरला सांग, हलू सोड."

त्यांच्या डोळ्यांत मला राग दिसला नाही. काय दिसलं ते मला आजही सांगता येत नाही. माझे गुडघे लटलट कापत होते. मी दोन्ही हातांनी दोर धरला आणि सोडायला लागलो, एकेक वीत. समोरचा माणूस दोनदा म्हणाला, "जरा लवकर सोडा, मास्तर." मी ऐकलं. हातांनी मात्र काकांचं ऐकलं, आणि ते हळूच सोडत राहिले. पेटी जराही कलली नाही. तळाला टेकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. दोर सैल पडला.

बाकीच्या तिघांनी आपापली टोकं सोडली. माझ्या मुठी उघडेनात. माझं तोंड मोजत होतं, ते मला मोजून बरंच झाल्यावर कळलं. साठ गेले. सत्तर गेले. माती हातात घेऊन लोक थांबले होते. माझे खांदे ताठले, कोपरं मागे यायला लागली.

काकींनी माझ्या मुठीवर हात ठेवला.

"सोड, मास्तर," त्या म्हणाल्या. "तो आता वर यायचा नाय."

एकोणऐंशीवर होतो मी. मी दोर सोडला.